सदतीस अंशांच्या वर

आईचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी गार्गी कामावर गेली. शिरवळच्या फाट्यावरून आत वळणारा रस्ता, लस बनवणाऱ्या कंपनीचं फाटक, कपडे बदलायची खोली, डोक्यावर टोपी, हातात मोजे. सगळं तिने न बघता केलं. घरी बसून राहण्यापेक्षा हे बरं, असं तिचा नवरा हर्षद म्हणाला होता, आणि ते खरंच होतं. घरी चहा टाकताना तिचा हात अजून एक कप पाणी जास्त घेत होता.

गुणवत्ता विभागाचे प्रमुख बेंद्रे सर तिच्या टेबलापाशी उभे होते. आईबद्दल ते दोन वाक्यं बोलले, मग चष्मा काढून पुसत त्यांनी बातमी सांगितली. कोरेगाव तालुक्यात घटसर्पाची मुलं सापडली होती. सगळी दीड-दोन वर्षांची. त्यातली एक मुलगी काल गेली. आणि या सगळ्या मुलांना ‘त्रिकाल’ दिलेली होती.

‘त्रिकाल’ ही लस गार्गीच्या टेबलावरून तपासून बाहेर जायची. तिच्या मुलीला, दोन वर्षांच्या जुईलाही, दीड महिन्याची असताना तीच टोचली होती.

घटसर्पाचा जंतू घशात बसतो, आणि बसल्या जागी विष तयार करतो. माणूस दगावतो तो त्या विषाने. घशावर राखाडी पापुद्रा धरतो, श्वास कोंडतो. त्यातून वाचलं तरी विष रक्तातून फिरत हृदयापर्यंत पोचलेलं असतं. रोगी बरा झाला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि पंधरा-वीस दिवसांनी त्याचं हृदय अचानक थांबतं. लस म्हणजे हेच विष. फॉर्मलिनमध्ये ठेवून त्याची नांगी काढायची, तुरटीच्या जातीच्या क्षारावर बसवायचं आणि शरीराला दाखवायचं: हा चोर, ओळखून ठेव. पण एकदा दाखवून शरीर विसरतं. काही आठवडे जाऊ द्यावे लागतात, मग पुन्हा दाखवायचं, पुन्हा मध्ये काळ जाऊ द्यायचा. म्हणून पूर्वी तीन-तीन वेळा सुया टोचाव्या लागत. दर वेळी काही आया यायच्या, काही यायच्या नाहीत.

‘त्रिकाल’ने ही कटकट मिटवली. मांडीत एकच सुई. तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या लक्षावधी कुप्या, आपोआप विरघळणारे टाके ज्या द्रव्याचे करतात त्याच द्रव्याच्या. काहींची भिंत पातळ, काहींची जाड. पहिल्या कुप्या लगेच उघडायच्या, दुसऱ्या दोन महिन्यांनी, तिसऱ्या सहाव्या महिन्यात. बाळाच्या मांडीतच त्याचं वेळापत्रक ठेवलेलं. फ्रिजची गरज नाही, दुसऱ्या फेरीची गरज नाही. पाच वर्षांत देशातल्या बहुतेक राज्यांनी जुन्या सुया बंद केल्या.

बेंद्रे सरांचं म्हणणं होतं की एखादा घाणा, म्हणजे एका वेळी बनवलेला साठा, बिघडला असणार. त्या-त्या घाण्यांचे राखून ठेवलेले नमुने गार्गीने काढून तपासावेत.

तिने दुपारपर्यंत तपासले. नमुन्यांत काही खोट नव्हती. शिवाय आजारी मुलांची लस एका घाण्याची नव्हतीच. निरनिराळ्या महिन्यांत टोचलेली होती. नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी. पुन्हा डिसेंबर. ती त्या महिन्यांकडे बघत राहिली. कोरेगावात लस बाराही महिने टोचली जाते. आजारी मुलांत उन्हाळ्यातलं एकही मूल का नाही?

थंडीत बाळांचं काय वेगळं होतं?

आणि मग तिला शेगडी दिसली.

बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, वर लोखंडी तवा, आणि तव्यावर घडी घातलेलं सुती फडकं. आई पाय लांब करून बसलेली, तिच्या पायांवर तेलाने चकाकणारी जुई. आई फडकं तव्यावरून उचलायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग बाळाच्या पाठीवर, पोटावर, तळव्यांवर दाबायची. आणि मांडीवर. मांडीवर जास्तच, कारण सुईची गाठ तिथे लागत होती आणि शेकाने गाठ विरघळते अशी आईची खात्री होती. आई कन्याशाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. तिला वारे आणि समुद्रप्रवाह तोंडपाठ होते, पण बाळाच्या शेकावर ती कुणाचं ऐकत नसे. गार्गी बाजेवरून कुरकुरली होती की आता हे कुणी करत नाही, पुरे कर.

“तुला असंच शेकलंय मी,” आई म्हणाली होती, “आणि बघ, मला शिकवण्याइतकी झालीस.”

थंडी जास्त असली की शेक जास्त. साताऱ्याकडे तर दोन्ही वेळा.

प्रयोगशाळेतल्या गरम पाण्याच्या टाकीत कुप्या नेहमी सदतीस अंशांवर तपासल्या जात. बाहेर ऊन पंचेचाळीस असो की पन्नास, माणसाचं अंग आतून सदतीसच असतं, असा त्यामागचा विचार होता, आणि तो इतका उघड वाटण्यासारखा होता की कुणी त्यावर कधी बोललंच नव्हतं. गार्गीने टाकी तापवली. फडक्याखाली कातडी जितकी तापत असेल तितकी, चव्वेचाळीसपर्यंत. आई एका मांडीला जितका वेळ देई तेवढाच वेळ तिने कुप्या त्यात धरल्या, बाहेर काढल्या, निवू दिल्या, पुन्हा धरल्या. असं बऱ्याचदा केलं आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

पातळ भिंतीच्या आणि जाड भिंतीच्या, सगळ्या कुप्यांची झाकणं खचली होती. उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखी. आतलं सगळं बाहेर आलेलं.

म्हणजे या बाळांना तीन डोस मिळाले, पण महिन्याच्या आतच, एकामागोमाग. सुरुवातीला त्यांच्या रक्तात भरपूर प्रतिकारशक्ती दिसली असणार. तशी ती दिसलीच होती. चाचण्यांच्या वेळी सातारा केंद्रातल्या बाळांचे आकडे देशात सगळ्यांत वर होते, त्या दिवशी बेंद्रे सरांनी विभागात कंदी पेढे वाटले होते. मग पुन्हा दाखवायला काही उरलं नाही आणि शरीर विसरलं. दोन वर्षांचं होईतो मूल कोरं.

बेंद्रे सर सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून होते. सरळ झाले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. हे बाहेर बोलायचं नाही, ते म्हणाले, अजून नाही. वरच्या मंडळींना आधी कळू दे, दोन दिवस दे मला.

गार्गीने नुसतीच होकाराची मान हलवली, कारण ती त्यांचं ऐकत नव्हती. ती चहाचा विचार करत होती.

महिन्याभरापूर्वी आईचा घसा धरला होता. लवंग चघळ, मिठाच्या गुळण्या कर, असं चार दिवस चाललं. डॉक्टरने गोळ्या दिल्या, ताप उतरला. पुढच्या आठवड्यात आईचा आवाज गेंगाणा झाला. एका सकाळी घोट घेताना चहा तिच्या नाकातून खाली आला. जुई टाळ्या वाजवून हसली. आईलाही हसू आवरेना, पदराने नाक पुसत ती म्हणाली, “म्हातारपणी माझा नळ फुटला बघ.” दोन-तीनदा तसं झालं. गार्गीही हसली होती. मग एका दुपारी आई कपडे वाळत घालताना बसली ती उठली नाही. डॉक्टरने हृदयविकार लिहिलं. वय चौसष्ट. कुणालाच वावगं वाटलं नाही.

घटसर्पाच्या विषाने टाळू लुळी पडणं, म्हणून गेंगाणा आवाज, नाकातून चहा. मग हृदय. कॉलेजात शिकताना तिने हा क्रम घोकला होता, त्यावर तिला गुण मिळाले होते.

आता कुठला पुरावा नव्हता. अस्थी माहुलीच्या संगमात सोडून झाल्या होत्या. पण घटसर्प तिच्या घरात येऊन गेला होता आणि शेवटपर्यंत जुई आजीच्या कुशीत झोपत होती.

तिने हर्षदला फोन लावला. तो दिवसकार्यासाठी रजेवर होता, एरवी चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवर असायचा. जुई कशी आहे, तिने विचारलं. तो म्हणाला, किरकिर करतेय, सकाळपासून जेवली नाही, दही तेवढं दोन चमचे खाल्लं. अंग कोमट आहे.

“तिचा घसा बघ. मोबाईलचा उजेड लाव आणि बघ.”

जुईचा रडका विरोध फोनमधून ऐकू आला. मग हर्षद म्हणाला, “एका बाजूला पांढरं आहे थोडंसं. दही असेल. थांब, बोटाने पुसून बघतो.”

“पुसू नकोस.”

ती इतक्या हळू बोलली की त्याने पुन्हा विचारलं.

“हात लावू नकोस, हर्षद. तिला उचल आणि डॉक्टर अत्तारांकडे जा. रडवू नकोस तिला. मी निघाले.”

खंबाटकीच्या घाटात टॅक्सी शिरली तेव्हा तिला वाटलं, जंतू आपल्याही घशात असेल. आपण गेले पंधरा दिवस जुईचे किती मुके घेतले असतील? आई गेल्यापासून ती रडू आलं की जुईच्या मानेत तोंड खुपसायची. मोठ्या माणसाच्या घशात हा जंतू आठवडेच्या आठवडे नुसता बसून राहू शकतो. त्याला काही होत नाही, तो दुसऱ्याला देत राहतो. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

डॉक्टर नसीम अत्तार साताऱ्यात मुलांचं छोटं रुग्णालय चालवत. जुईचा जन्मही त्यांच्यासमोरचा. गार्गी पोचली तेव्हा त्यांनी जुईचा घसा बघून ठेवला होता आणि त्या गोंधळलेल्या होत्या. पापुद्रा संशयास्पद होता, मान थोडी सुजली होती, पण पोरीला ‘त्रिकाल’ दिलेली. लस घेतलेल्या मुलाच्या घशात पांढरं दिसलं तर साधी टॉन्सिल समजावी, असं आता सगळ्यांना शिकवलं जात होतं. घशात फिरवलेला कापसाचा बोळा त्यांनी तपासणीच्या यंत्राला लावला होता. तासाभरात कळलं असतं. त्यांनी गार्गीचाही बोळा घेतला.

“लस पुरी झालेली आहे ना?” त्यांनी पुन्हा विचारलं. “तुमच्याच कंपनीची. मग मी घाई का करू? घोड्याचं सीरम द्यायचं म्हणजे गंमत नाही, गार्गी. एखाद्या मुलाला ते उलटतं आणि टेबलावरच सगळं संपतं.”

घटसर्पाचं विष रक्तात भिनलं की जंतू मारणाऱ्या औषधाने ते निघत नाही. त्याच्यावर एकच उतारा, आणि तो घोड्यांच्या रक्तातून काढायचा: घोड्यांना थोडंथोडं विष टोचत राहायचं, त्यांच्या रक्तात उतारा तयार होतो, तो गाळून बाटलीत भरायचा. ‘त्रिकाल’ आल्यावर त्याचं काम राहिलं नाही. तबेले बंद झाले, घोडे पाचगणीच्या टेबललँडवर पर्यटकांना फिरवायला विकले गेले. मुंबईत थोडा साठा होता, तो कोरेगावच्या मुलांना लागला होता. पुढचा परराज्यातून यायचा होता. डॉक्टर अत्तारांच्या फ्रिजमध्ये तळाला जुन्या काळच्या काही बाटल्या होत्या. त्यांची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

त्यांनी एक बाटली उजेडात धरून गार्गीला दाखवली. मुदत उलटलेलं काहीही दिसलं की लाल शिक्का मारून भट्टीत पाठवायचं, हे गार्गीचं रोजचं काम. बाटलीतलं पाणी स्वच्छ होतं, गाळ नव्हता. ते नासलं नाही एवढंच त्यावरून कळत होतं. त्यात जोर किती उरला, हे कुणी सांगू शकलं नसतं.

“यंत्राचा निकाल येईपर्यंत थांबू,” डॉक्टर म्हणाल्या.

जुई हर्षदच्या खांद्यावर होती. तिच्या श्वासाला एक बारीक घरघर लागली होती, दुपारी फोनवर नव्हती ती. गार्गीने ती ऐकली आणि बेंद्रे सरांना हलवलेली मान तिला आठवली. दोन दिवस दे मला.

“थांबू नका,” ती म्हणाली. “तिच्या अंगात लस नाही. आई तिला रोज शेकायची. मांडीवर. त्या उष्णतेने आमच्या कुप्या वितळतात, मी आज बघितलंय. कोरेगावच्या मुलांचंही तेच झालंय. आणि माझी आई हृदयविकाराने गेली नाही.”

हर्षदने तिच्याकडे बघितलं. डॉक्टर अत्तारांनी नर्सला सुई आणायला सांगितलं.

आधी जुईच्या कातडीत सीरमचा एक थेंब. लाल गोल चकंदळ उमटलं तर सीरम देता येणार नव्हतं. गार्गी त्या इवल्याशा हाताकडे बघत बसली. तिला आठवलं, लस टोचून आणली त्या दिवशी आई अशीच जुईच्या मांडीवरच्या लाल ठिपक्याकडे बघत बसली होती आणि म्हणाली होती, माझ्या पाखराला किती दुखवलं मेल्यांनी. मग फडकं तापवायला उठली होती.

चकंदळ उमटलं नाही. सीरम शिरेतून थेंबथेंब जायला लागलं. ते अर्धं जाईपर्यंत यंत्राचा निकाल आला. जुईच्या घशात घटसर्प होता. गार्गीच्याही.

डॉक्टर अत्तार बाहेर जाऊन कोरेगावला, मग जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करत राहिल्या. काचेच्या दारातून त्यांचा आवाज येत होता: हिवाळ्यात लस झालेली सगळी मुलं बोलवा, लस झाली असं धरूच नका. गार्गीला तोंडाला मास्क बांधून वेगळ्या खोलीत बसवलं होतं. मधल्या भिंतीला एक खिडकी होती. तिथून तिला जुईची छाती वरखाली होताना दिसायची. ती नजर काढत नव्हती; आपण बघायचं थांबवलं तर तीही थांबेल, असं तिला वाटत होतं. शिकलेल्या बाईला हे शोभत नाही, हे तिला कळत होतं. हर्षद एकदा खिडकीशी आला. काचेला हात लावून म्हणाला, “आईंना हे कळलं नाही, बरं झालं.” मग त्याला स्वतःच्याच वाक्याचा अर्थ लागला आणि त्याने काचेवरचा हात काढून घेतला.

पापुद्रा तिसऱ्या दिवशी सुटायला लागला. परराज्यातून नवं सीरमही आलं. जुई पाणी मागायला लागली, मग भात, मग मोबाईल. गोळ्यांनी गार्गीचाही घसा साफ झाला. लोक म्हणाले, सुटलात. पण गार्गीला क्रम पाठ होता. घसा बरा झाल्यावरचे दिवसच तर आईचे हसण्यात गेले होते. डॉक्टर दर दोन-तीन दिवसांनी जुईच्या हृदयाचा आलेख काढायच्या, आणि घरी गार्गी प्रत्येक वेळी तिला पाण्याचा पेला देताना तिच्या नाकाकडे बघायची. एकदा जुईला पाणी पिता पिता शिंक आली. गार्गीने पेला हिसकावून तिच्या नाकाखाली बोट धरलं. जुईला ती गंमत वाटली, आणि ती मुद्दाम पुन्हा शिंकून दाखवायला लागली.

त्याच दिवसांत बेंद्रे सर घरी आले. गार्गी आधीच बोलून गेल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. कोरेगावची उरलेली मुलं वेळेवर सापडली होती, ते त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी वर्तमानपत्रात द्यायच्या निवेदनाचा मसुदा आणला होता. घरातील वृद्ध स्त्रियांच्या अशास्त्रीय शेकामुळे लसीचा परिणाम कमी झाल्याचे आढळले आहे, असं त्यात पहिलंच वाक्य होतं. प्रयोग गार्गीचा, म्हणून सही तिची हवी होती.

गार्गीने पेन घेतलं आणि ते वाक्य खोडलं. वर लिहिलं: ‘बाळाच्या अंगाला लागणाऱ्या गरम हाताची परीक्षा आम्ही केली नाही.’

सरांनी ते वाचलं. “हे वरचे लोक छापणार नाहीत, गार्गी.”

“मग माझ्या नावाने ते खोडलेलंही छापू नका, सर. माझ्या आईला तुम्ही ओळखत होता.”

ते ओळखत होते. तिच्या हातचे डिंकाचे लाडू त्यांनी खाल्ले होते. त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. ते काय करणार होते, ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

जुईला आता जुनी लस सुरू झाली होती, तीन खेपांची. पहिली सुई झाली त्या दिवशी डॉक्टर अत्तारांनी हृदयाचा शेवटचा आलेखही काढला आणि तो दोनदा बघून म्हणाल्या की आता पुन्हा काढायची गरज नाही. घरी आल्यावर जुईची मांडी ठणकत होती. ती लंगडत आतल्या खोलीत गेली आणि पलंगाखालून काहीतरी ओढायला लागली. शेगडीच्या बाजूला ठेवलेला तवा होता तो, त्यात आईचं घडी घातलेलं फडकं. तेल पिऊन त्याचा रंग पिवळट झालेला.

“आज्जीसालखं कल,” जुई म्हणाली आणि मांडी पुढे केली.

या लसीत कुप्या नव्हत्या. वितळण्यासारखं काहीच नव्हतं, हे गार्गीला जगातल्या कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. तिने तवा गॅसवर ठेवला, फडकं तापवलं. गालाला लावून बघितलं. तेलाचा आणि धुराचा वास आला. जुईचे तळवे शेकले, पाठ शेकली, दुसरी मांडी शेकली. आणि सुईच्या जागेपाशी तिचा हात थांबला. तिने फडकं वर धरून ठेवलं. ती स्वतःला समजावत राहिली, सगळं शास्त्र पहिल्यापासून सांगत राहिली, आणि हात खाली येईना.

जुईने वाट बघितली. मग तिने स्वतःच हात उंचावून फडक्याला बोट लावलं.

“गाल झालं,” ती म्हणाली. फडकं खरंच गार झालं होतं.

गार्गी उठली आणि तिने फडकं पुन्हा तव्यावर तापत ठेवलं.